कलम १ सगळ्यात शेवटी

हिवाळी अधिवेशन चालू होतं आणि दुपारचे तीन वाजले होते. इंदुरात पोह्यांना वेळकाळ नसतो, त्यामुळे आम्हा तिघांच्याही हातात बश्या होत्या: मी, माझा दादा आणि त्याची मुलगी. समोर टीव्हीवर लोकसभा. एक मंत्री कागदावरून वाचत होते, त्यांच्या मागे चार-दोन डोकी, बाकी हिरवे बाक मोकळे. दहा मिनिटांनी अध्यक्षांच्या आसनावरून भराभर काही वाक्यं आली, इकडून तिकडून आवाज उठले आणि पडद्याच्या खालच्या पट्टीवर अक्षरं सरकली: विधेयक मंजूर.

भाची भंवरकुआच्या क्लासला जाते, राज्यसेवेची तयारी करते. तिला तीन वाचनं, दोन सभागृहं, एक राष्ट्रपती असं सगळं तोंडपाठ आहे. तरी तिने विचारलंच, "आत्या, एवढीच माणसं? आणि झाला कायदा?"

दादा म्हणाला, "पास झालं म्हणजे झालं."

तीसेक वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेल्या बाईसमोर असं बोलू नये. मी बशी खाली ठेवली.

पहिल्यांदा माणसांचं. सभागृह चालायला एकूण सदस्यांच्या एक दशांश सदस्य हजर लागतात. लोकसभेत ५४३ जागा, म्हणजे ५५ माणसं. याला कोरम म्हणतात, मराठीत गणपूर्ती. पण गंमत अशी की कोणी उठून "कोरम नाही" म्हणालं नाही, तर बहुधा कोणी मोजत बसत नाही. म्हणालं, की घंटा वाजते, लोक कँटीनमधून, ग्रंथालयातून येतात, संख्या भरते आणि काम पुढे चालतं. रिकामे बाक बघून राग येतो हे खरं, पण त्या बाकांवरून कायदा कसा झाला ते कळत नाही. कायदा बराचसा दुसरीकडे झालेला असतो.

विधेयक जन्मतं मंत्रालयात. कोणत्या तरी खात्याला वाटतं की अमुक बाबतीत कायदा हवा. मग त्याचं टिपण होतं, इतर खात्यांकडे फिरतं, विधी मंत्रालयातले मसुदाकार त्याला कायद्याच्या भाषेत बसवतात आणि मंत्रिमंडळ मान्यता देतं. फेब्रुवारी २०१४ पासून केंद्र सरकारचं एक धोरण आहे की मसुदा संसदेत नेण्याआधी लोकांसाठी निदान तीस दिवस खुला ठेवावा आणि सूचना मागवाव्यात. धोरणच आहे, कायदा नाही, त्यामुळे ते पाळलं जातं तसं बाजूलाही ठेवलं जातं. पण ज्या मसुद्याचा आपल्या धंद्याशी, शेतीशी, घराशी संबंध आहे त्यावर सामान्य माणसाला थेट लिहिता येईल अशी ही पहिली जागा. दादाने तीस वर्षं करसल्लागारी केली. एकदाही अशी सूचना पाठवली नाही. मी विचारलं तर म्हणाला, "पोस्टाने वाचतात थोडीच!" आता ती ई-मेलने जाते.

मंत्री नसलेला खासदारही स्वतःचं विधेयक मांडू शकतो. त्याला खासगी विधेयक म्हणतात, त्यासाठी शुक्रवारी दुपारचे अडीच तास राखलेले असतात. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. तेव्हा एखाद्या खासदाराने खळबळजनक विधेयक मांडल्याची बातमी आली, तर घाबरूही नये आणि पेढेही वाटू नयेत.

आता ती तीन वाचनं. भाचीचा खरा प्रश्न हाच होता: वाचतं कोण? आज कोणीच नाही. शब्द इंग्लंडातून आला. छपाईच्या आधीच्या काळात विधेयकाची प्रत एकच, तीही हातानं लिहिलेली. सभागृहातला कारकून ती उभा राहून मोठ्याने वाचायचा तेव्हा सदस्यांना कळायचं काय आहे ते. प्रती छापून घरपोच मिळायला लागल्या, तरी पायरीचं नाव वाचनच राहिलं. आपल्याकडे लग्नात मंगलाष्टकांत "सावधान" म्हणतात, तसंच. कोणी खरोखर सावध होत नाही, पण त्याशिवाय पुढचं होत नाही.

पहिल्या वाचनात मंत्री उभे राहून म्हणतात, विधेयक मांडण्याची परवानगी असावी. सभागृह परवानगी देतं. बस. इथे चर्चा नसते. मात्र कोणाचा विरोध असेल तर तो थोडक्यात सांगता येतो, आणि संसदेला असा कायदा करायचा अधिकारच नाही असा आक्षेप असेल, तर त्यावर पुरी चर्चाही होऊ शकते. बातम्यांत "प्रचंड गदारोळात विधेयक सादर" असं वाचतो ते याच टप्प्याचं. गदारोळ झाला तरी अजून अक्षरही बदललेलं नसतं.

पुढचा टप्पा टीव्हीवर दिसत नाही आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. विधेयक समितीकडे जातं. किंवा जात नाही.

१९९३ पासून संसदेत खात्यांशी जोडलेल्या स्थायी समित्या आहेत. आज त्या २४ आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे, सर्व पक्षांचे. मंत्री त्यात नसतात. दारं बंद, कॅमेरा नाही, आणि पक्षाचा व्हिप, म्हणजे असंच मत द्या हा आदेशही तिथे चालत नाही. कॅमेरा नसला की माणूस वेगळं बोलतो, हे आपल्याला घरातल्या बैठकांवरून माहीत आहे. सभागृहात एकमेकांवर तुटून पडणारे दोघे तिथे शेजारी बसून कलम सातमधला "किंवा" काढायचा की ठेवायचा यावर तासभर घालवतात. खात्याच्या सचिवांना बोलावून विचारतात, तज्ज्ञांना बोलावतात, वर्तमानपत्रात जाहिरात देऊन लोकांकडून म्हणणं मागवतात. शेवटी अहवाल देतात, आणि ज्याला पटलं नसेल तो आपलं वेगळं मत लिहून जोडतो. एखाद्याच विधेयकासाठी बसवलेली प्रवर समिती असते, किंवा दोन्ही सभागृहांची मिळून संयुक्त समिती. पद्धत साधारण तीच.

समितीचं म्हणणं सरकारवर बंधनकारक नाही. आणि विधेयक समितीकडे पाठवलंच पाहिजे अशीही सक्ती नाही. पंधराव्या लोकसभेत दहातली सात विधेयकं समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत दहातली दोनही गेली नाहीत. सरकारं बदलतात, बाजू बदलतात आणि कोणी सत्तेत गेलं की त्याला समित्या संथ वाटायला लागतात. विरोधात बसलं की त्याच समित्या लोकशाहीचा कणा होतात. हे मी दोन्हीकडून ऐकलेलं आहे.

समितीत काय होऊ शकतं हे बघायचं असेल तर जीएसटीकडे बघावं. आमच्या घरात हे उदाहरण निघालं की दादा सरसावून बसतो, कारण सियागंजातले किराणा व्यापारी आणि क्लॉथ मार्केटमधली कापडाची दुकानं हे त्याचं पोट.

घटनादुरुस्तीचं विधेयक १९ डिसेंबर २०१४ ला लोकसभेत आलं आणि ६ मे २०१५ ला तिथे मंजूर झालं. राज्यसभेत सरकारकडे तेव्हा संख्या नव्हती. तिथे ते प्रवर समितीकडे गेलं. राज्यांची भीती अशी होती की आपले कर जाणार, तिजोरी रिकामी होणार, भरपाईचं काय? लोकसभेने मंजूर केलेल्या मसुद्यात लिहिलं होतं की संसद राज्यांना जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत भरपाईची तरतूद कायद्याने करू शकेल. करू शकेल. म्हणजे नाहीही करणार. समितीनंतर आणि बऱ्याच वाटाघाटींनंतर ते वाक्य झालं: पाच वर्षांसाठी तरतूद करील. इंग्रजी मसुद्यात एक शब्द बदलला, मराठीत तर क्रियापदाचं शेपूट तेवढं बदललं. पण त्या शेपटावर प्रत्येक राज्याचे पाच वर्षांचे पैसे टांगलेले होते. त्याच फेरीत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालावरचा एक टक्का जादा करही गळाला. इंदूरचा माल गुजरातेत, महाराष्ट्रात, राजस्थानात जातो. तो एक टक्का राहिला असता तर दादाच्या गिऱ्हाइकांनी दर महिन्याला मोजला असता.

३ ऑगस्ट २०१६ ला राज्यसभेने बदललेलं विधेयक २०३ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केलं. आता लोकसभेने मंजूर केलेला मजकूर आणि हा मजकूर एक राहिला नाही. म्हणून ते परत लोकसभेत आलं आणि ८ ऑगस्टला ४४३ विरुद्ध शून्य असं मंजूर झालं. दोन्ही सभागृहांनी अक्षरशः एकच मजकूर मान्य करावा लागतो, स्वल्पविरामासकट. एकाने मंजूर केलं आणि दुसऱ्याने थोडं बदलून मंजूर केलं, तर अजून काहीच मंजूर झालेलं नसतं.

समितीतून बाहेर आलं की दुसरं वाचन. त्याचे दोन भाग. आधी सर्वसाधारण चर्चा: असा कायदा हवा की नको. कोणत्या विधेयकाला किती तास ते कामकाज सल्लागार समिती ठरवते, आणि ते तास पक्षांच्या संख्याबळानुसार वाटले जातात. मोठ्या पक्षाला तासभर, दोन खासदारांच्या पक्षाला तीन मिनिटं. म्हणून टीव्हीवर एखादा खासदार श्वास न घेता बोलताना दिसतो आणि वरून सारखी बेल वाजत असते. त्याला घाई झालेली नसते, त्याची मिनिटं संपत आलेली असतात.

मग येतो कलमवार विचार. इथे प्रत्येक कलम स्वतंत्रपणे मताला टाकतात. कोणी दुरुस्ती सुचवली असेल तर आधी दुरुस्तीवर मत, नंतर कलमावर. टीव्हीवर हा भाग अत्यंत कंटाळवाणा वाटतो: "प्रश्न असा की कलम दोन ते सतरा विधेयकाचा भाग व्हावीत. प्रस्ताव मान्य. कलमं विधेयकात समाविष्ट झाली." अर्ध्या मिनिटात सोळा कलमं. ज्यांवर दुरुस्त्या आलेल्या नाहीत ती अशी गठ्ठ्याने घेतली जातात. त्या दुपारी आम्हाला जे पुटपुटणं वाटलं ते हेच होतं.

आता माझी आवडती गोष्ट. कलमांची सुरुवात कलम २ पासून होते. कलम १ सगळ्यात शेवटी. त्यानंतर अधिनियमन सूत्र, म्हणजे "भारतीय गणराज्याच्या अमुक वर्षी संसद असा कायदा करीत आहे" ही ओळ, आणि अगदी शेवटी विधेयकाचं लांबलचक नाव. वर्गात मुलं विचारायची, बाई, उलटं का? कारण कलम १ मध्ये कायद्याचं नाव, त्याचं वर्ष, तो कुठे आणि कधीपासून लागू, हे असतं. बाळ बघितल्याशिवाय नाव ठेवत नाहीत. मधल्या कलमांत काटछाट झाली तर नाव बदलावं लागेल; मांडलं एका वर्षी आणि मंजूर झालं दुसऱ्या वर्षी तर वर्ष बदलावं लागेल. जीएसटीचं विधेयक मांडलं तेव्हा गणराज्याचं पासष्टावं वर्ष होतं, कायदा झाला तेव्हा सदुसष्टावं. तेवढा एक शब्द बदलण्यासाठीसुद्धा रीतसर दुरुस्ती मांडावी लागते, मत घ्यावं लागतं.

दादाने मध्येच विचारलं, "मग ते एकशे बावीसावं घटनादुरुस्ती विधेयक होतं आणि कायदा एकशे एकावा कसा झाला? मला गिऱ्हाइकं विचारायची, मी सांगायचो टायपिंगची चूक." चूक नाही. मांडली गेलेली सगळी घटनादुरुस्ती विधेयकं कायदा होत नाहीत. विधेयकांचा क्रमांक रांगेत उभं राहिल्याचा, कायद्याचा क्रमांक दार उघडून आत गेल्याचा.

तिसरं वाचन लवकर संपतं. "विधेयक मंजूर करण्यात यावं" एवढाच प्रस्ताव. आता मजकुरात हात घालता येत नाही. भाषेची, क्रमांकाची बारीकसारीक दुरुस्ती तेवढी चालते. घ्या नाहीतर सोडा.

मतदानाबद्दल मात्र थांबून सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत.

साधारण विधेयकाला हजर राहून मत देणाऱ्यांतलं साधं बहुमत पुरतं. अध्यक्ष विचारतात, बाजूचे "हो" म्हणतात, विरोधातले "ना" म्हणतात, आणि कोणता आवाज मोठा ते अध्यक्ष कानाने ठरवतात. हे आवाजी मतदान. आमच्या भागातल्या एका मंडळाच्या वार्षिक सभेत सभासद वर्गणी वाढवायचा ठराव असाच व्हायचा. चिटणीस विचारायचे, "सर्वांना मान्य?" मागून कोणीतरी "हो" म्हणायचं, तोवर पुढच्या रांगेत बटाटेवडे आलेले असायचे. एका वर्षी एक काकू उठल्या आणि म्हणाल्या, "माणसं मोजा." मोजली. ठराव पडला. सतरा विरुद्ध बावीस, मला अजून आठवतं.

संसदेत त्या काकूंना नियमाने अधिकार आहे. अध्यक्षांनी कौल सांगितला आणि एखाद्या सदस्याला तो मान्य नसेल तर तो मतविभागणी मागतो. मग लॉबी मोकळी करायचा आदेश होतो, घंटा वाजते, साडेतीन मिनिटं. इमारतीत जिथे असतील तिथून खासदार धावत येतात. मग दारं बंद. अध्यक्ष तोच प्रश्न पुन्हा एकदा तोंडी विचारतात, आणि तरीही आक्षेप राहिला तरच बटणं दाबली जातात: हिरवं बाजूने, लाल विरोधात, पिवळं तटस्थ. स्वतःच्या जागेवरूनच. कोणी काय दाबलं ते नावानिशी नोंदलं जातं. आवाजी मतदानात ही नोंद राहत नाही. आपल्या खासदाराने अमुक कायद्यावर नेमकं काय मत दिलं हे पुष्कळदा सापडतच नाही, त्याचं कारण हे.

या साध्या नियमावरून मोठी भांडणं झालेली आहेत. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत शेतीविषयक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर झाली. विरोधक म्हणत होते आम्ही मतविभागणी मागितली होती. आसनाचं म्हणणं होतं की मागणी करणाऱ्याने आपल्या जागेवर असलं पाहिजे. त्याच कायद्यांना रद्द करणारं विधेयक २९ नोव्हेंबर २०२१ ला एकाच दिवशी दोन्ही सभागृहांतून चर्चेशिवाय मंजूर झालं. कायदा करताना चर्चा कमी झाली म्हणून तक्रार होती, काढताना ती झालीच नाही.

घटनादुरुस्तीला आवाजी मतदान चालत नाही. तिथे प्रत्येक सभागृहात हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश, शिवाय एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त, अशी दोन्ही मापं भरावी लागतात. राज्यांच्या अधिकारांना हात लागत असेल तर निम्म्या विधानसभांचीही संमती. जीएसटीसाठी आपल्या मध्य प्रदेश विधानसभेनेही ती दिली होती.

आणि खासदार आपल्या मनाने बटण दाबतो का? क्वचित. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीपासून पक्षाच्या व्हिपविरुद्ध मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते. त्यामुळे चर्चेतल्या उत्तम भाषणाने समोरच्याचं मत फिरलं तरी त्याचं बटण फिरत नाही. भाचीला हे ऐकून वाईट वाटलं. "मग भाषणं कशाला करतात?" नोंदीसाठी, टीव्हीसाठी, मतदारसंघासाठी, आणि कधी कधी मंत्र्याच्या उत्तरातून एखादं आश्वासन काढून घेण्यासाठी. मंत्री सभागृहात "हे आम्ही नियमांत घेऊ" असं बोलून गेला तर ते पाळलं की नाही हे बघायला वेगळी आश्वासन समिती आहे. तेवढ्यासाठीही भाषण कामाचं असतं.

राज्यसभेत हीच तीन वाचनं पुन्हा. दोन सभागृहांचं पटलंच नाही, किंवा एकाने विधेयक सहा महिने दाबून ठेवलं, तर राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात. आजवर तीनदाच झाली: १९६१ मध्ये हुंडाबंदीसाठी, १९७८ मध्ये बँक सेवा आयोग रद्द करताना आणि २००२ मध्ये "पोटा" या दहशतवादविरोधी कायद्यासाठी. घटनादुरुस्तीसाठी ही वाट बंद आहे.

पण एक प्रकारचं विधेयक आहे जिथे राज्यसभेचा अडसरच राहत नाही, आणि ती गोष्ट इंदूरच्या माणसाला जवळची आहे. धन विधेयक. फक्त कर, सरकारी कर्ज, देशाच्या एकत्रित निधीतला खर्च अशाच बाबी असलेलं विधेयक. ते लोकसभेतच मांडायचं, राज्यसभेने चौदा दिवसांत सूचना करायच्या, आणि त्या स्वीकारायच्या की नाही ते लोकसभेने ठरवायचं. विधेयक धन विधेयक आहे की नाही, हे कोण ठरवतं? लोकसभेचे अध्यक्ष. राज्यघटनेच्या अनुच्छेद ११० मध्ये त्यांचा निर्णय अंतिम म्हटलेला आहे.

२०१६ मध्ये त्या आसनावर आमच्या ताई होत्या. सुमित्रा महाजन, चिपळूणच्या माहेरवाशीण, इंदूरच्या सूनबाई, १९८९ पासून सलग आठ वेळा इथून निवडून गेलेल्या. आधारचं विधेयक धन विधेयक म्हणून आलं. राज्यसभेने पाच दुरुस्त्या सुचवल्या, लोकसभेने त्याच दिवशी पाचही नाकारल्या आणि विषय संपला. संसदेत संपला. सर्वोच्च न्यायालयात सप्टेंबर २०१८ पर्यंत चालला. पाचांपैकी चार न्यायाधीशांनी आधार कायदा बऱ्याच अंशी टिकवला; न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी वेगळं मत लिहिलं की हे धन विधेयक नव्हतंच. सगळा वाद अनुच्छेद ११० मधल्या "फक्त" या शब्दाभोवती. विधेयकात फक्त पैशाच्या बाबी होत्या, की पैशासोबत बरंच काही? २०१९ मध्ये हा प्रश्न आणखी मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. ताईंचं बरोबर की चूक यावर आमच्या गल्लीत दोन तट आहेत आणि दोन्ही तटांनी तो अनुच्छेद वाचलेला नाही.

विधेयक मरतं कसं, हेही सांगितलं पाहिजे. मत पडून फार थोडी मरतात. बहुतेक वेळ संपून मरतात.

लोकसभा विसर्जित झाली की तिथे पडून असलेली विधेयकं बाद होतात. लोकसभेने मंजूर करून राज्यसभेत पाठवलेली आणि तिथे अडकलेलीही बाद. राज्यसभेत मांडलेली आणि अजून तिथेच असलेली मात्र जगतात, कारण राज्यसभा कधी विसर्जित होत नाही. महिला आरक्षणाचं विधेयक २००८ मध्ये मुद्दाम राज्यसभेत मांडलं, मरू नये म्हणून. ९ मार्च २०१० ला राज्यसभेने ते मंजूर केलं. मंजूर झालं म्हणून लोकसभेत गेलं, लोकसभेत गेलं म्हणून मर्त्य झालं, आणि २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित होताच गेलं. नवीन विधेयक सप्टेंबर २०२३ मध्ये तीन दिवसांत दोन्ही सभागृहांतून पार पडलं, लोकसभेत ४५४ विरुद्ध २.

वेळ हे सगळ्यात जुनं हत्यार. इंदूरहून वीसेक किलोमीटरवर महू आहे. तिथे १८९१ मध्ये जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांच्या स्मारकावर दर एप्रिलला माणसांचा पूर येतो, पण हिंदू कोड बिलाचं संसदेत नेमकं काय झालं ते तिथे जाणाऱ्यांतल्या थोड्यांनाच माहीत असतं. ते मतदानात पडलं नाही. १९४८ मध्ये प्रवर समितीतून बाहेर आलं, मग चर्चा पुढे ढकलली, परत घेतली, परत ढकलली. विरोधक लांब लांब भाषणं करत राहिले, दुरुस्त्यांवर दुरुस्त्या देत राहिले. सप्टेंबर १९५१ मध्ये कलमवार विचार सुरू झाला, जेमतेम चार कलमं झाली आणि सरकारने विधेयक बाजूला ठेवलं. निवडणूक तोंडावर होती. कायदेमंत्री आंबेडकरांनी २७ सप्टेंबरला राजीनामा दिला. पुढे १९५५-५६ मध्ये तोच आशय चार तुकडे करून चार वेगळ्या कायद्यांत आला: विवाह, वारसा, अज्ञान मुलांचं पालकत्व, दत्तक आणि पोटगी. एका गठ्ठ्यात जे अडकलं ते सुटं सुटं केल्यावर गेलं. मसुदा लिहिणाऱ्याचं कसब भाषेत असतं तसं कात्रीतही असतं.

दोन्ही सभागृहांनंतर राष्ट्रपती. संमती देऊ शकतात, रोखू शकतात, किंवा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. धन विधेयक परत पाठवता येत नाही आणि घटनादुरुस्तीला १९७१ पासून संमती द्यावीच लागते. परत आलेलं विधेयक संसदेने पुन्हा मंजूर केलं तर सही करावी लागते. २००६ मध्ये लाभाच्या पदांचं विधेयक डॉ. कलामांनी परत पाठवलं, संसदेने तसंच मंजूर केलं, कलामांनी सही केली. पण सही किती दिवसांत करायची ते घटनेत लिहिलेलं नाही. १९८६ मध्ये टपाल उघडून वाचण्याचे अधिकार सरकारला देणारं विधेयक ग्यानी झैलसिंगांकडे गेलं. त्यांनी ना सही केली, ना परत पाठवलं. ठेवून दिलं. आपल्याकडे जुन्या मुनीमजींना उधारीची चिठ्ठी दिली की ते "बघतो" म्हणून गादीखाली सरकवायचे, त्याच जातीचं.

सही झाली, राजपत्रात छापून आलं, आता तरी झालं? दादाने आशेने विचारलं.

मी भाचीला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा मोबाइलवर उघडायला सांगितला. संमतीची तारीख ९ ऑगस्ट २०१९. तिने कलम १ मोठ्याने वाचलं, म्हणजे शेवटी एक वाचन खरंखुरं झालं. कायदा कधीपासून लागू? केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवील त्या तारखेपासून.

"तारीखच नाही लिहिलेली?"

नाही. त्याची बहुतेक कलमं लागू व्हायला २० जुलै २०२० उजाडावं लागलं. शिवाय अर्ज कुठे करायचा, शुल्क किती, मुदत किती दिवसांची, हे कायद्यात नसतंच; ते नियमांत येतं आणि नियम खातं लिहितं. नियम संसदेच्या पटलावर ठेवले जातात, तीस दिवस, आणि खासदारांना ते बदलता येतात. किती खासदार तो गठ्ठा उघडतात हा भाग निराळा. महिला आरक्षणाच्या दुरुस्तीत तर सुरुवातच जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेला बांधून ठेवली आहे.

दादा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, जीएसटीची तारीख होती ना पक्की, १ जुलै. ३० जूनच्या रात्री सेंट्रल हॉलमध्ये घंटा वाजली तेव्हा तो एका गिऱ्हाइकाच्या दुकानात बसला होता, जुन्या साठ्याची यादी करत. ताग्यावर किती कर ते त्याला ठाऊक होतं, नियमांची छापील प्रत समोर होती, फक्त पहिलं बिल कुठल्या नमुन्यात फाडायचं यावर दुकानदाराशी वाद चालला होता. पहाटे तीनला वाद मिटला नाही म्हणून दोघे उठून सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत गेले, भुट्ट्याचा कीस खायला. सराफ्यातल्या माणसाने बिल दिलंच नाही.